नामिकोम्बेवरचा साकव

एसिनाती न्जोलिन्जो काही शिकलेली डॉक्टर नव्हती, पण म्पांदेनीत तिला लहानथोर सगळे डॉक्टरबाईच म्हणायचे. ती सरकारी आरोग्यसेविका. नदीपलीकडच्या सात वाड्यांमधली मुलं तोलायची, लशी टोचायच्या, विहिरीत औषध टाकायचं, दिवस भरत आलेल्या बायकांना दटावून दवाखान्यात पाठवायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं तिने ते सायकलवर केलं. मुलं तोलायचा ताणकाटा कॅरिअरला बांधलेला, लशींचा डबा हँडलला लटकवलेला, अशी ती सकाळी निघायची आणि उन्हं कलताना परतायची.

वाटेत नामिकोम्बे नदीवरचा पूल होता. दोन गाड्या एकमेकींना कशाबशा चुकवतील एवढीच त्याची रुंदी. चालणाऱ्यासाठी कडेला वीतभरही जागा नव्हती. कठडा गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली. अलीकडे बाजार आणि दवाखाना, पलीकडे शाळा आणि शेतं, त्यामुळे पुलावर दिवसभर माणसांची रांग. मागून लॉरीचा आवाज आला की सगळे कठड्याला चिकटायचे, अंग चोरायचे, आणि लॉरी गेली की जणू काही झालंच नाही असे पुढे चालू लागायचे. एसिनातीही तेच करायची. पुलाचा विचार असा तिने कधी केलाच नव्हता. पाऊस पडतो, ऊन तापतं, तसा पूल अरुंद असतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती पलीकडे निघाली होती. तिकडे तेव्हा पावसाळाच असतो; नदी भरून वाहत होती. समोरून तेलाचा टँकर आला आणि त्याच वेळी मागून लाकडं भरलेली लॉरी. एसिनाती उतरली, सायकल कठड्याला टेकवून उभी राहिली. लॉरीच्या बाजूने लोंबणारा दोर हँडलमध्ये अडकला. सायकल ओढली गेली आणि तिच्या धक्क्याने एसिनाती कठड्यावरून खाली गेली. लॉरी थांबली नाही. ड्रायव्हरला बहुधा कळलंही नसेल. पुढचं एसिनातीला फक्त एवढंच आठवत होतं की कानांत पाण्याचा आवाज भरला होता आणि कुणीतरी तिचं डोकं वर धरलं होतं.

शुद्ध आली तेव्हा ती जिल्ह्याच्या इस्पितळात होती. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लटकवलेलं. दोन महिने असंच पडून राहावं लागेल, असं तिथल्या नर्सने सांगितलं. लेक फिलेसी उशाशी बसून होती. तिच्याकडून कळलं की मागून येणाऱ्या काबाझावाल्या लायटोनीने पाण्यात उडी टाकून तिला बाहेर काढलं.

लायटोनी हे नाव ऐकून एसिनातीला ओशाळल्यासारखं झालं. काबाझा म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर उशी बांधून माणसं पोचवणारे लोक. बाजारात त्यांचा अड्डा होता आणि त्या अड्ड्यावर उभं राहून एसिनातीने आजवर कितीदा तरी भाषण दिलं होतं, की तुम्ही शर्यती लावता, गरोदर बाईला खड्ड्यातून नेता, तुम्हाला अक्कल नाही. त्यात लायटोनीचं नाव घेऊन बोलणं जास्त. तीन मुलांचा बाप, पण जिभेला हाड नसलेला, म्हणून तो तिच्या डोळ्यात सलायचा.

आठवड्याने तो भेटायला आला. हातात पेरूंची पिशवी. खाटेच्या पायथ्याशी अवघडून उभा राहिला.

"लायटोनी," एसिनाती म्हणाली, "मी तुला काय काय बोलले असेन रे."

"हळू चालव म्हणायचात, बाई. त्या दिवशी हळूच चालवत होतो, म्हणून तर दिसलात. जोरात असतो तर केव्हाच पुढे गेलो असतो."

फिलेसीला हसू आवरेना. एसिनातीही हसली आणि मग तिला रडू आलं. तिने त्याला बसवून घेतलं आणि त्या सकाळी काय काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लावलं.

लायटोनीने सांगितलं. त्याने पाण्यातून बाहेर ओढलं खरं, पण एकट्याने चढण चढवणं जमेना. तेव्हा कोळशाची पोती सायकलवर लादून चाललेल्या दोघांनी पोती तिथेच रस्त्यात टाकली आणि खाली धावले. चाऱ्याचा भारा घेऊन येणाऱ्या एका बाईने कमरेला गुंडाळलेलं चितेंजं, लुंगीसारखं कापड, सोडून त्याने मोडलेला पाय बांधला आणि ती नुसत्या परकरावर घरी गेली. पुलाजवळच्या दुकानदाराने, बेसितोनीने, आपल्या दुकानाचं दार बिजागरीतून काढून दिलं. त्या दारावर एसिनातीला निजवून आळीपाळीने खांदा देत सगळ्यांनी दवाखान्यापर्यंत नेलं. शाळेचे एक मास्तर छत्री धरून बाजूने चालत होते. कारण वरून पाऊस लागला होता.

"किती जण होते?" एसिनातीने विचारलं.

लायटोनीने बोटांवर मोजलं. अकरा. त्यातल्या आठांची नावं त्याला ठाऊक होती. एसिनातीने फिलेसीकडून वही मागून घेतली आणि पडल्या पडल्याच ती आठ नावं लिहिली. उरलेल्या तिघांसाठी तीन ओळी रिकाम्या सोडल्या. पुढचे दोन महिने ती वही तिच्या उशीखाली होती. दुखणं वाढलं की ती नावं वाचायची. आपल्याला कुणी वाचवलं हे माहीत असणं मोठी गोष्ट आहे, असं ती फिलेसीला म्हणायची.

एप्रिल संपता संपता ती कुबड्यांवर घरी आली. भुईमुगाची काढणी झाली होती. चालायला जमू लागल्याबरोबर तिने शेंगांच्या अकरा पुरचुंड्या बांधल्या आणि फिलेसीला बरोबर चल म्हणाली. फिलेसी वैतागली. पायात जोर नाही आणि आभार मानायला गावभर फिरणार, त्यापेक्षा सगळ्यांना घरी बोलावून मक्याच्या पिठाचा न्सिमा वाढू, असं तिचं म्हणणं. एसिनातीने ऐकलं नाही. आपल्याला उचलायला ते आले होते, आता आपण त्यांच्या दारी जायचं, एवढंच ती म्हणाली.

पहिलं घर त्या चितेंजंवाल्या बाईचं, लेझिनाचं. आभार मानायचे तर गुडघे वाकवून, ओंजळीने हलकेच टाळ्या वाजवून मानायचे. एसिनातीने कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि वाकायचा प्रयत्न केला, पण पाय वाकेना. ती पडतच होती, तेवढ्यात लेझिनाने धरलं.

"अहो डॉक्टरबाई, पुन्हा मोडून घ्याल. माझ्याकडे आता दुसरं चितेंजं नाही बांधायला."

मग दोघी ओसरीवर बसल्या. शेंगा फोडता फोडता लेझिनाने सहज सांगितलं की तिच्या थोरल्याला एका कानाने ऐकू येत नाही. शाळेत जाताना पुलावर लॉरीचा आरसा लागला होता, त्याला चार वर्षं झाली. एसिनातीला तो मुलगा आठवला. तिनेच त्याच्या कानामागे पट्टी बांधली होती.

दुसऱ्या दिवशी ती बेसितोनीच्या दुकानात गेली. दार परत बसवलेलं होतं. बेसितोनी आभार घ्यायलाच तयार नव्हता. तो म्हणाला की माझे वडील त्याच पुलावर गेले, तांदळाचं पोतं सायकलवर घेऊन येताना. तेव्हा दार काढून द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मी दिलं. कोळसेवाल्यांपैकी एकाच्या भावाचा पाय गेला होता. दुसरा म्हणाला की मी रोज पुलावर चढताना मुलांची नावं मनात घेतो, आणि पलीकडे गेल्यावर सोडतो. मास्तरांनी सांगितलं की बाजाराकडून येणाऱ्या मुली पावसाळ्यात शाळा सोडतात, आया पाठवतच नाहीत.

एसिनाती आभार मानायला जायची आणि प्रत्येक घरातून एकेक दुखणं घेऊन यायची. तिने ते वहीत प्रत्येकाच्या नावाखाली लिहायला सुरुवात केली. एका दुपारी ती दवाखान्यात गेली आणि आपल्याच हाताने भरलेली जुनी रजिस्टरं काढून बसली. गेल्या कित्येक वर्षांत पुलावर जखमी झालेली माणसं त्यात होती. सगळ्यांपुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, "पडून जखम." कुठे पडले, कशाने पडले, काही नाही. एवढ्या माणसांना मलमपट्टी केली, पण ती सगळी एकाच जागी पडताहेत हे आपल्या ध्यानात आलं नाही, याची तिला लाज वाटली. आणि आपण स्वतः पडल्यामुळे का होईना ते दिसलं, याबद्दल तिने देवाचे आभारही मानले.

गावच्या प्रमुख एक म्हाताऱ्या बाई होत्या, नाम्वेरा. सगळे त्यांना प्रमुखआजी म्हणत. एसिनाती त्यांच्याकडे वही घेऊन गेली. आजींना वाचता येत नव्हतं, म्हणून तिने सगळं वाचून दाखवलं. आजींनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं की तुझं म्हणणं काय. एसिनाती म्हणाली की पुलाच्या बाजूने चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वेगळा साकव हवा. आजींनी चिंचेखाली सभा बोलावली.

सभेत सगळे खूश होतील असं एसिनातीला वाटलं होतं. तसं झालं नाही. काबाझावाल्यांचा म्होरक्या सिकेलो पहिल्यांदा उठला आणि त्याने साफ विरोध केला. तो काही वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. त्याचं म्हणणं असं की आपण पुलाबद्दल कुरकूर केली तर साहेब लोक साकव बांधणार नाहीत, सायकलीच रस्त्यावरून बंद करतील. दुसऱ्या गावी तसं झाल्याचं त्याने ऐकलं होतं. मग चाळीस घरांनी खायचं काय? बरेच लोक मान डोलावू लागले.

तेव्हा लायटोनी उभा राहिला. एरवी बडबडणारा माणूस, त्या दिवशी चाचरत बोलला.

"सिकेलोदादा, मी पण घाबरतो. पण त्या दिवशी मी पाण्यात उतरलो ना, तेव्हा मला वाटलं बाई गेल्या. तेव्हापासून पुलावर मागे कुणी बसलेलं असलं की माझे पाय कापतात. असं कापत कापत किती वर्षं चालवायचं, ते तुम्हीच सांगा."

सिकेलो खाली बसला. प्रमुखआजींनी ठरवलं ते असं: सायकली बंद करा असं कुणी म्हणालं तर आजी स्वतः रस्त्यात जाऊन बसतील, आणि अर्ज गावाच्या नावाने जाईल, काबाझावाल्यांच्या नाही.

एसिनाती, मास्तर आणि लायटोनी जिल्हा कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने वही चाळली आणि दुःखाच्या गोष्टी सगळ्याच गावांकडे आहेत, असं सांगून परत दिली. पुलावरून रोज किती माणसं जातात ते आणा, म्हणाला. हाकलून लावायला म्हणाला असेल, पण मास्तरांनी ते मनावर घेतलं.

पुलाजवळच्या आंब्याखाली तीन मडकी ठेवली. चालणारा गेला की मक्याचा दाणा, सायकल गेली की घेवड्याचा, गाडी गेली की खडा. बायका आळीपाळीने बसल्या. सहा दिवस, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. येणारेजाणारे थट्टा करायचे, मला दोनदा मोजा, मी जाड आहे म्हणायचे. एका बकरीने मंगळवारचा मका खाऊन टाकला, म्हणून मंगळवार पुन्हा मोजावा लागला. शेवटी मास्तरांनी हिशोब केला. एका गाडीमागे तेवीस माणसं पायी किंवा सायकलवर जात होती. पूल गाड्यांचा आहे असं सगळे आजवर धरून चालले होते.

आकडे गेल्यावर महिन्याभराने इंजिनिअर आले. कादझोम्बे त्यांचं नाव. पन्नाशीचे, इस्त्रीच्या शर्टातले, बोलायला सभ्य. त्यांनी पूल पाहिला, मापं घेतली आणि सांगितलं की मागणी रास्त आहे, पण निधी नाही. तोवर लोकांनी सांभाळून चालावं.

एसिनाती आता काठीवर चालत होती. पडल्यापासून तिने पुलावर पाऊल ठेवलं नव्हतं. पलीकडे जायचं तर लायटोनी तिला खालच्या उतारावरून, पाणी ओसरलं असेल तेव्हा, लांबून नेत असे. पण त्या क्षणी तिच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, एकदा आमच्यासारखे पलीकडे जाऊन याल का? सायकल घेऊन. मी येते तुमच्याबरोबर."

बोलून गेल्यावर तिलाच धडकी भरली. पण कादझोम्बे हो म्हणाले. लायटोनीने आपली सायकल दिली आणि तिच्यावर कोळशाचं एक पोतं बांधलं. साहेब सायकल ढकलत पुढे, एसिनाती कॅरिअर घट्ट धरून मागे, असे ते निघाले. पुलाच्या मध्यावर असताना मागून बस आली. कर्णा वाजला. एसिनातीने डोळे मिटले. तिच्या कानात पुन्हा तो पाण्याचा आवाज भरला. बस इतक्या जवळून गेली की पोत्याला घासून कोळशाची भुकटी दोघांच्या अंगावर उडाली. डोळे उघडले तेव्हा कादझोम्बे कठड्याला पाठ लावून उभे होते आणि त्यांचा हात तिच्या दंडाला घट्ट धरून होता. पांढरा शर्ट काळा झाला होता.

ते पलीकडे गेले, तिथे दगडावर बसले. मग साहेब बोलले.

"बाई, अकरा वर्षं मी या पुलावरून गाडीने जातोय. मला वाटायचं लोक उगाच रस्त्यात येतात."

त्यांनी काही वचन दिलं नाही. परत येताना मात्र ते पुन्हा सायकल ढकलतच आले. गाडीत बसताना त्यांनी एसिनातीपुढे मान लववली. तिला साहेबाचे आभार मानायचे होते, पण तोवर गाडी निघाली. ती पुलावर दोनदा पाय ठेवून जिवंत परतली होती.

त्यानंतर पावसाळा आला आणि गेला. पत्र नाही की निरोप नाही. सिकेलो म्हणायचा, बघा, मी सांगितलं होतं. तेही आता टोमणा म्हणून म्हणायचा नाही, उसासा टाकून म्हणायचा. मे महिन्यात पत्र आलं. कार्यालय लोखंडी तुळया, सिमेंट आणि गवंडी देईल. वाळू, खडी, विटा आणि हात गावाने द्यायचे. मास्तरांनी पत्र बाजारात मोठ्याने वाचलं, आणि लोकांच्या आग्रहावरून पुन्हा वाचलं. कादझोम्बेंनी जिल्ह्याच्या बैठकीत मडक्यांचे आकडे तीनदा मांडले होते, हे नंतर कळलं. तिसऱ्यांदा ते तो काळा शर्ट घेऊन गेले होते, असं तिथला कारकून सांगायचा. खरंखोटं देव जाणे.

मग काम सुरू झालं. प्रमुखआजींनी वाड्यांना वार वाटून दिले. बायकांनी नदीतून वाळू वाहिली, पुरुषांनी विटा पाडल्या. खडी दूरच्या टेकडीवर होती. लॉरी कुणाकडे नव्हती. तेव्हा सिकेलोने अड्ड्यावर जाहीर केलं की दर बुधवारी एकही काबाझा माणूस वाहणार नाही, सगळे खडी वाहतील. चाळीस सायकली ओळीने, कॅरिअरवर पोती, टेकडीवरून उतरताना एसिनातीने पाहिल्या, आणि वाटेवरच हात जोडून उभी राहिली. सिकेलो जाताना ओरडला, की डॉक्टरबाई, बाजूला व्हा, आम्ही शर्यत लावलीय.

एसिनातीला वाळू उचलता येत नव्हती. ती कामकऱ्यांसाठी थोब्वा, म्हणजे मक्याची पेज, रांधायची, जाडसर, आंबूस, आणि पातेलं ढकलगाडीवर घालून नदीवर न्यायची. फिलेसी पोरांच्या फुटलेल्या अंगठ्यांना पट्ट्या बांधायची. एसिनातीने नवीन रजिस्टर घातलं होतं. त्यात प्रत्येकापुढे लिहायची, साकवाच्या कामावर, दगड लागून. अक्षरही तिचं हल्ली बरंच ठसठशीत झालं होतं.

ऑक्टोबरच्या उन्हात, पहिल्या पावसाआधी, साकव पुरा झाला. जुन्या पुलापासून दहा हात अंतरावर, दोन सायकली सहज शेजारून जातील एवढा रुंद, छातीपर्यंत कठड्याचा. उद्घाटनाला साहेब आले, भाषणं झाली. एसिनातीला बोला म्हणाले. तिने वही काढली आणि नावं वाचायला सुरुवात केली. ज्यांनी वाळू वाहिली त्यांची, विटा पाडल्या त्यांची, मोजायला बसल्या त्यांची. इतका वेळ लागला की जेवणासाठी शिजवलेल्या कोंबड्यांचा रस्सा आटायला लागला आणि प्रमुखआजींनी तिला हाताने खूण करून थांबवलं. तीन नावं तिला शेवटपर्यंत सापडली नव्हती. ती म्हणाली की ते तिघे आज इथे असतील तर त्यांनीही जेवून जावं.

डिसेंबरपासून ती कामावर परत जाऊ लागली. सायकल अजून चालवता येत नव्हती, पुढेही येईल की नाही कोण जाणे. लायटोनी तिला मागे बसवून न्यायचा, ताणकाटा तिच्या मांडीवर. एका सकाळी साकवाच्या मध्यावर तो अडला. पुढे माणसंच माणसं. लेझिना आणि तिच्या मैत्रिणी डोक्यावरच्या टोपल्या उतरवून कठड्याला टेकून गप्पा मारत होत्या. एक म्हातारा नुसताच पाणी बघत होता. शाळेतली पोरं काड्या टाकून कुणाची आधी पलीकडे निघते ते पाहत होती. जुन्या पुलावर आजवर कुणी क्षणभरही थांबलं नव्हतं. नदी अशी दिसते हे बऱ्याच जणांना आत्ता कळत होतं.

"बघा बाई," लायटोनी घंटी वाजवत वैतागला, "एवढा साकव बांधला आणि लोकांनी त्याची ओसरी केली. धंदा कसा करायचा? याच्यावर पण सभा घ्या आता."

"घेऊ," एसिनाती म्हणाली. "उतरव मला जरा."

तिला उतरवून तो घंटी वाजवत राहिला. ती लेझिनाच्या शेजारी जाऊन कठड्याला टेकली. खाली बायका कपडे धूत होत्या, एक होडी बांबूने ढकलत कुणीतरी चाललं होतं. बाजूच्या पुलावरून एक लॉरी धडधडत गेली, आणि कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.